नंबर प्लेट नसलेली गाडी कोण मोजतं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज ऐकताना फोन खिशात ठेवू नका, हातात घ्या. एक गोष्ट करून बघायचीय. परिवहन मंत्रालयाचा ‘वाहन’ नावाचा डॅशबोर्ड उघडा. महाराष्ट्र निवडा. मग आरटीओ निवडा: वाशी, म्हणजे आपलं एमएच-४३, किंवा पनवेल, एमएच-४६. इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक निवडा. कुठल्या महिन्यात कुठल्या कंपनीच्या किती गाड्या नोंदल्या गेल्या, ते दोन मिनिटांत समोर येतं. लॉगिन नको, पैसे नकोत.

आता तिथेच इलेक्ट्रिक डर्ट बाइक शोधा. डर्ट बाइक म्हणजे माती, चिखल, दगड आणि चढ यांच्यासाठीच बनवलेली मोटरसायकल. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबर प्लेट नाही. ती या डॅशबोर्डवर सापडणार नाही. अशी एखादी गाडी खारघरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असेल, तिचा मालक शनिवार-रविवारी ट्रॅकवर जात असेल, बॅटरी रोज रात्री घरात चार्ज होत असेल, तरी या यादीपुरती ती गाडी जन्मालाच आलेली नाही.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, ‘ताई, अमुक इलेक्ट्रिक डर्ट बाइक एकूण किती बनल्या, किती विकल्या गेल्या, कुठल्या कुठल्या ऑप्शनमध्ये आल्या, हे कुठे बघायचं?’ प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर साठ-पासष्ट वर्षं मागे जावं लागतं. कारण गाड्या मोजण्याची एक पद्धत असते आणि त्या पद्धतीमागे कुणाची तरी गरज असते. आपल्या महाराष्ट्रात ती गरज कशी बदलत गेली, याची गोष्ट आज सांगते. ती सुरू होते आकुर्डीत.

उत्पादन: सरकार दारात उभं राहून मोजायचं

बजाज ऑटोची सुरुवात १९४५ची. तेव्हा नाव होतं बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, आणि काम होतं बाहेरच्या देशातून आलेल्या दुचाक्या-तीनचाक्या विकण्याचं. १९५९ साली कंपनीला स्वतः गाड्या बनवण्याचा परवाना मिळाला. पुण्याजवळ आकुर्डीत कारखाना उभा राहिला आणि इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनू लागली. तो करार १९७१मध्ये संपला. त्यानंतर १९७२ साली बजाजच्या स्वतःच्या नावाने आली चेतक.

हा काळ परवान्यांचा. १९५१च्या उद्योग कायद्यानुसार कारखान्याने वर्षाला किती माल बनवायचा, ते सरकार ठरवायचं. म्हणजे मोजणी व्हायची ती कारखान्याच्या दारात. गाडी लोकांना हवी आहे का, हा प्रश्न नव्हताच. मंजूर आकड्यापेक्षा जास्त तर नाही ना बनवलं, हे बघायचं असायचं. परवानगीपेक्षा जास्त गाड्या बनवल्या म्हणून तुरुंगात जावं लागलं तरी चालेल, असं राहुल बजाज उघड सांगायचे. आज हे ऐकून हसू येतं. कंपनीने गाड्या जास्त बनवणं हा गुन्हा कसा असेल? पण तेव्हाचा कायदा तसाच होता.

आकडे बघा. बजाजची एक लाखावी गाडी बाहेर पडली १९७०मध्ये. कारखाना सुरू झाल्यापासून तिथपर्यंत यायला दहा वर्षं लागली. एकाच आर्थिक वर्षात एक लाख गाड्या, हा टप्पा आला १९७७मध्ये. आणि वर्षाला पाच लाखांचा आकडा गाठला १९८६मध्ये, औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना सुरू झाल्यावर.

रांग: न विकलेल्या गाडीचा आकडा

उत्पादन अडवलं की रांग लागते. स्कूटर कोणाला, कशी विकायची यासाठी केंद्र सरकारचा १९६०चा वेगळा आदेश होता. तुम्ही डीलरकडे अनामत भरून नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. सरकारी कोटा वेगळा. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची. काही मॉडेलसाठी दहा वर्षांपर्यंत थांबल्याच्या गोष्टी मागच्या पिढीकडून सहज ऐकायला मिळतात. आणि ज्याचा नंबर लागला, तो गाडी घेऊन लगेच वरच्या पैशाने विकू शकायचा. या वरच्या पैशाला आपल्याकडे शब्द होता ‘ऑन’. ‘पाच हजार ऑन देऊन उचलली,’ असं लोक अगदी बिनधास्त बोलायचे. आजीआजोबांना विचारा, लगेच आठवेल.

ऑप्शन? चेतक, सुपर आणि साताऱ्याची प्रिया. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली बजाज आणि सरकारी पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने मिळून काढली होती. पर्याय म्हणायचे ते एवढेच, आणि दिसायला तिघीही बहिणी-बहिणी. रंग निवडायला बसलात तर मागचा माणूस पुढे जायचा.

या रांगेकडे मी एका कारणासाठी लक्ष वेधतेय. रांग हाही आकडाच आहे, पण तो लोकांच्या इच्छेचा आकडा आहे. गाडी प्रत्यक्षात किती जणांकडे आली, ते त्यातून कळत नाही. आज कंपन्या लाँचच्या दुसऱ्या दिवशी ‘इतकी हजार बुकिंग झाली’ असं सांगतात, तेव्हा ती त्याच रांगेची नवी पावती असते. फरक इतकाच की तेव्हा रांग सरकारमुळे लागायची, आता ती जाहिरातीसाठी कामाला येते.

१९९१च्या नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरचे परवाने गेले. त्याआधी ऐंशीच्या दशकातच बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली होती. मग मोटरसायकलींची लाट आली. ज्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले, तिचं उत्पादन पुढच्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झालं. २००७मध्ये आकुर्डीत गाड्या बनणं थांबलं आणि २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणंच सोडलं.

विक्री: आता आरटीओ मोजतं

दहा वर्षांनी चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन. २०१९च्या सप्टेंबरमध्ये चाकणला उत्पादन सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये दिल्लीत गाडी दाखवली आणि जानेवारी २०२०मध्ये किंमत जाहीर झाली. अर्बेन एक लाखाला, प्रीमियम एक लाख पंधरा हजारांना. बुकिंग दोन हजार रुपयांत, आणि तेही फक्त पुणे आणि बंगळूरमध्ये. मग कोरोना आला, बुकिंग थांबलं. एप्रिल २०२१मध्ये पुन्हा उघडलं आणि ४८ तासांत बंद करावं लागलं, कारण हातात माल नव्हता. जुन्या चेतकची रांग आठवली ना? जुलैमध्ये नागपूरकरांचा नंबर लागला.

जून २०२२मध्ये आकुर्डीतच फक्त इलेक्ट्रिक गाड्यांसाठी नवा कारखाना सुरू झाला. वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता, ३०० कोटींची गुंतवणूक. इथे सावध राहा. पाच लाख ही क्षमता आहे, म्हणजे कारखाना जास्तीत जास्त किती बनवू शकतो. २०२४-२५ या पूर्ण आर्थिक वर्षात ‘वाहन’वर बजाजच्या इलेक्ट्रिक दुचाक्या नोंदल्या गेल्या त्या २ लाख ३० हजारांच्या आसपास. बातमीत क्षमता वाचायची आणि ती विक्री समजायची, ही गल्लत सर्रास होते.

आता मोजणीची जागा बदलली. सरकारला गाड्या अडवायच्या नव्हत्या, उलट त्या खपायला हव्या होत्या. १ एप्रिल २०१९ला फेम-२ योजना सुरू झाली. तिच्यासाठी १०,००० कोटी रुपये आणि त्यातून दहा लाख इलेक्ट्रिक दुचाकींना मदत करण्याचं लक्ष्य. पैसे द्यायचे तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे आरटीओतली नोंद. महाराष्ट्राच्या २०२१च्या ईव्ही धोरणाचं उद्दिष्ट बघा: २०२५पर्यंत नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांत दहा टक्के इलेक्ट्रिक. म्हणजे उद्दिष्टच नोंदणीच्या भाषेत लिहिलेलं.

तर आज एकाच गाडीचे तीन आकडे असतात. कारखान्यातून बाहेर पडली, तो उत्पादनाचा. डीलरकडे रवाना झाली, तो घाऊक विक्रीचा. वाहन उत्पादकांची संघटना सियाम मुख्यतः हाच आकडा देते. आणि तुमच्या नावावर नोंदली गेली, तो किरकोळ विक्रीचा. डीलरांची संघटना फाडा हा आकडा ‘वाहन’वरून काढते, आणि त्यात अनेक वर्षं तेलंगणाचे आकडेच नव्हते.

हे तीन आकडे एकमेकांपासून किती लांब जाऊ शकतात, याचं ताजं उदाहरण फेब्रुवारी २०२५चं. ओला इलेक्ट्रिकने त्या महिन्यात २५,००० गाड्या विकल्याचं सांगितलं. ‘वाहन’वर नोंद होती ९,०००हून कमी. नोंदणीचं काम करणाऱ्या एजन्सींशी करार नव्याने ठरवत असल्यामुळे नोंदणी मागे पडली, असं कंपनीचं म्हणणं होतं. सरकारने खुलासा मागवला. सगळ्या देशाला हा फरक दिसला कसा? कारण एक स्वतंत्र, सार्वजनिक मोजणी अस्तित्वात होती. फोन उघडून कुणीही दोन आकडे शेजारी ठेवू शकत होतं.

ऑप्शन: चार्जर गाडीत धरायचा की बाहेर?

आता तिसरी गोष्ट, ऑप्शन. आपल्याला वाटतं ऑप्शन म्हणजे रंग, सीट, मोबाइल ॲप. पण फेम-२मध्ये ऑप्शनमुळे कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे झाले.

योजनेत अट होती की दुचाकीची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या वर गेली तर अनुदान नाही. मग काही कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर वेगळं विकायला सुरुवात केली. कागदावर गाडी दीड लाखाच्या आत, चार्जर ‘ऑप्शनल’. आता चार्जरशिवाय इलेक्ट्रिक गाडी घेऊन माणूस करणार काय? सरकारने हरकत घेतली आणि २०२३मध्ये ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरोची विडा या चौघांनी ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करायचं मान्य केलं. चौघांची रक्कम मिळून अडीचशे कोटींच्या वर गेली. १ जून २०२३पासून अनुदानही घटलं. आधी किलोवॉट-तासामागे १५,००० रुपये मिळायचे, ते १०,०००वर आले, आणि कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर.

थोडक्यात काय, तर ऑप्शनची यादी नीट वाचली की गाडी बनवणाऱ्याला काय दाखवायचंय आणि काय बाहेर ठेवायचंय, ते समजतं. हे लक्षात ठेवून आता डर्ट बाइककडे येऊ. कारण तिच्या बाबतीत नंबर प्लेट हाच ऑप्शन आहे.

एकच गाडी, तीन रूपं

इथून आपण जातोय ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेन गावात. तिथे कारण आहे, बजाजच. नोव्हेंबर २००७मध्ये बजाजने तिथल्या केटीएम कंपनीत साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. पुढे चाकणला केटीएमच्या गाड्या बनू लागल्या आणि जानेवारी २०२३पर्यंत तिथून दहा लाख केटीएम बाहेर पडल्या होत्या.

याच केटीएमने २०१४च्या सुमारास फ्रीराइड ई नावाची इलेक्ट्रिक ऑफ-रोड मोटरसायकल विकायला आणली. बॅटरी काढून दुसरी बसवता यायची. २०१८च्या आवृत्तीत ती ३.९ किलोवॉट-तासांची झाली. कच्च्या ट्रॅकवर अंदाजे तास-दीड तासाची मजा, एवढाच तिचा जीव. ही गाडी तीन रूपांत आली. ई-एसएक्स फक्त ट्रॅकसाठी, दिवे नाहीत, रस्त्याची मंजुरी नाही. ई-एक्ससी दिव्यांसह, रस्त्यावर चालवायला मंजूर. आणि ई-एसएम गुळगुळीत टायरांची, शहरासाठी. मोटर तीच, सांगाडाही जवळजवळ तोच. पण ई-एक्ससी घेतली तर तुम्ही देशाच्या वाहन नोंदणीत दिसणार, ई-एसएक्स घेतली तर दिसणार नाही. त्यामुळे युरोपात नोंदणीचे आकडे बघून कुणी ‘फ्रीराइड ई इतक्याच विकल्या गेल्या’ म्हणाला, तर त्याने मळलेल्या टायरांच्या सगळ्या गाड्या सोडून दिल्या.

आपल्या कायद्यातही हेच आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार मोटार वाहन म्हणजे रस्त्यावर वापरण्यासाठी योग्य केलेलं यांत्रिक वाहन. सार्वजनिक जागी ते चालवायचं तर नोंदणी सक्तीची. जी गाडी रस्त्यासाठी बनलीच नाही, तिची नोंदणी होत नाही. म्हणून ती सार्वजनिक रस्त्यावर आणताही येत नाही, सेक्टरच्या आतल्या गल्लीतसुद्धा नाही. मार्च २०२५मध्ये बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटने शॉकवेव्ह ही चार किलोवॉट-तासांची हलकी इलेक्ट्रिक मोटरसायकल जाहीर केली. कच्च्या रस्त्यासाठी घडवलेली, पण रस्त्यावरही चालवता येईल अशी. तिच्या बाबतीत ‘वाहन’ उपयोगी पडतं. शुद्ध ट्रॅकवाल्या गाडीसाठी पडत नाही.

मग आयातीचे आकडे? आपल्या अंगणातच न्हावा-शेवा आहे, १९८९पासून चालू असलेलं देशातलं एक मोठं कंटेनर बंदर. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालाला कस्टमचा एक कोड असतो. मोटरसायकलींचा गट ८७११. पण त्यात इलेक्ट्रिक मोटरवाल्या दुचाकींसाठी वेगळा उपगट, ८७११.६०, जगभर लागू झाला तो २०१७मध्ये. त्याआधीच्या इलेक्ट्रिक दुचाकी ‘इतर’मध्ये मिसळलेल्या. आणि आजही या उपगटात स्कूटर, मोटरसायकल, मोटर लावलेली सायकल सगळं एकत्र येतं. डर्ट बाइक असा रकाना नाही.

जीएसटी रुपये मोजतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांत हिशेब बॅटरीच्या वजनाचा असतो, म्हणजे किलोत. अनुदान नोंदणी मोजतं. सगळे काही ना काही मोजतायत, फक्त ही गाडी कुणाच्याच तराजूत बसत नाही. सरकारला ती अडवायचीही नाही, तिला पैसेही द्यायचे नाहीत. मग मोजायची कशाला?

मालकांनी स्वतः मोजायचं तर?

एक वाट आहे, आणि ती दुसऱ्या महायुद्धातून आलीय. जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतंय, हे मित्रराष्ट्रांना हवं होतं. हेरांचा अंदाज होता महिन्याला सुमारे १,५००. गणितज्ञांनी वेगळं केलं. पकडलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक जमवले आणि त्यावरून हिशेब मांडला. ऑगस्ट १९४२साठी त्यांचं उत्तर आलं ३२७. युद्धानंतर जर्मन कागद हाती लागले, तेव्हा खरा आकडा निघाला ३४२.

सूत्र दहावीच्या मुलाला जमेल असं आहे. सापडलेल्यांतला सर्वांत मोठा क्रमांक घ्या. त्याला एकूण किती क्रमांक सापडले त्याने भागा. आलेली संख्या मोठ्या क्रमांकात मिळवा आणि एक वजा करा. समजा एकाच मॉडेलच्या पाच गाड्यांचे शेवटचे अंक मिळाले: १४, ३७, ५२, ८८, १२०. तर १२० अधिक २४ वजा १, म्हणजे १४३. साधारण एवढ्या गाड्या बनल्या असाव्यात.

प्रत्येक गाडीवर चेसिस नंबर असतो, साधारणपणे सतरा अक्षर-अंकांचा. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात, उदाहरणार्थ बजाजचा ‘एमडी२’. शेवटचे अंक असतात उत्पादनाचा क्रम. यात फसायच्या जागाही आहेत. काही कारखाने क्रम एकपासून सुरू करत नाहीत, काही दर वर्षी नव्याने सुरू करतात, काही दोन मॉडेल एकाच क्रमात मिसळतात. तरी जिथे कुठलाच आकडा नाही, तिथे हा अंदाज फार मोलाचा ठरतो.

मोजलं नाही तर बिघडतं काय?

कुणी म्हणेल, ताई, हौसेची गाडी आहे, मोजून काय करायचंय? दोन गोष्टी सांगते.

पहिली कॅलिफोर्नियातली. अल्टा मोटर्स नावाची कंपनी रेडशिफ्ट ही फार नावाजलेली इलेक्ट्रिक मोटोक्रॉस गाडी बनवायची. मार्च २०१८मध्ये हार्ले-डेव्हिडसनने तिच्यात पैसे घालत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्टा बंद पडली. पेट्रोलच्या जुन्या गाडीचा पिस्टन खराद्याकडून जुळवून घेता येतो. बॅटरी पॅक आणि कंट्रोलरचं सॉफ्टवेअर तसं जुळत नाही. अशा वेळी सुटे भाग बनवणारा पहिला प्रश्न विचारतो, गाड्या आहेत किती? पन्नास असतील तर तो फोन ठेवतो, दोन हजार असतील तर बसून बोलतो. आकडा हीच मालकांची ताकद असते.

मोठ्या कंपनीलाही हे चुकलेलं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा अडीच लाखांहून जास्त न विकलेल्या गाड्या साठून असल्याचं समोर आलं. उत्पादनाचा आकडा पुढे पळाला होता, विक्री मागे राहिली होती. २०२५मध्ये बजाजने ८० कोटी युरोंची सोय करून कंपनी वाचवली आणि तिचा ताबा घेतला. आकुर्डीत परवाना घेऊन सुरू झालेल्या कंपनीच्या हातात आज फ्रीराइड ई बनवणारं घर आहे. इतिहास कधी कधी असा वळसा घेतो.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची आणि जास्त गंभीर. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ हे ते मानक. त्याच्या नव्या अटी दोन टप्प्यांत आल्या, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. पण हे मानक रस्त्यावर येणाऱ्या, मंजुरी घ्याव्या लागणाऱ्या गाड्यांना बांधतं. सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात आली, तीही मोटार वाहनांसाठी. ट्रॅकपुरती गाडी या दोन्हींच्या बाहेर राहते. तिची बॅटरी मात्र आपल्याच घरात, आपल्याच सॉकेटवर चार्ज होते.

म्हणून मी आकड्यांच्या इतकी मागे लागलेय. परवान्याच्या काळात सरकारने उत्पादन मोजलं, कारण त्याला ते अडवायचं होतं. अनुदानाच्या काळात नोंदणी मोजली, कारण पैसे द्यायचे होते. दोन्ही वेळा गाडी घेणाऱ्याला त्या मोजणीचा आयता फायदा झाला: कंपनीचा दावा तपासता आला, दोष निघाला तर मालकांपर्यंत पोहोचता आलं. डर्ट बाइकच्या मालकाला हे आयतं काहीच मिळत नाही.

तेव्हा इलेक्ट्रिक डर्ट बाइक घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण काही कामं करा. विकणाऱ्याला सरळ विचारा, ‘ही गाडी रस्त्यावर चालवायला मंजूर आहे का?’ उत्तर पावतीवर लिहून घ्या. चेसिस नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचा नंबर, तिन्हींचे फोटो काढून ठेवा. सेकंड-हँड असेल तर मूळ बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा, कारण आरसी बुक नसलेल्या गाडीची मालकी याच कागदांवर उभी असते. बॅटरीची कुठल्या मानकानुसार चाचणी झालीय, ते विचारा. चार्जर किमतीत आहे की वेगळा, हेही विचारा. आणि तेच मॉडेल वापरणारे आणखी चार-पाच जण शोधून एक साधी यादी करा: शेवटचे अंक, वर्ष, कुठलं व्हर्जन, बॅटरी केव्हा बदलली. ज्या दिवशी कंपनी फोन उचलणं बंद करेल, त्या दिवशी हीच यादी कामाला येईल.

चेतकच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला निदान आपला नंबर कितवा आहे, ते माहीत असायचं. तुम्हालाही तुमच्या गाडीचा नंबर कितवा, ते माहीत असू दे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात स्कूटरच्या बुकिंगची जुनी पावती सापडली तर तिच्यावरची तारीख आणि गाडी हातात आल्याची तारीख मला कळवा. आपण त्यांचाही एक भाग करू. तोपर्यंत हेल्मेट घाला, ट्रॅकवरसुद्धा. भेटू पुढच्या भागात!